पैसेवाला गव्हर्नर विकला जात नाही म्हणतात. पण तेवढ्याने भागतं का?

नेपरव्हिलकर

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या आमच्या इलिनॉय राज्याचा गव्हर्नर जे. बी. प्रिट्झकर २०२६ साठी तिसऱ्यांदा रिंगणात उतरलाय आणि इथल्या मराठी घरांतल्या गप्पांत पुन्हा तेच वाक्य ऐकू यायला लागलंय: "त्याच्याकडे आधीच इतकं आहे, तो कशाला खाईल?" २०१४ मध्ये हेच वाक्य ब्रूस रौनरबद्दल ऐकलं होतं. रौनर रिपब्लिकन, प्रिट्झकर डेमोक्रॅट. रौनरने स्वतः कमावलेलं, प्रिट्झकरला घराण्याचं आलेलं. रौनर पगार म्हणून वर्षाला एक डॉलर घ्यायचा, प्रिट्झकर तोही घेत नाही. एकाच राज्याने लागोपाठ असे दोन गव्हर्नर पाहिले, म्हणून यावर सविस्तर लिहावंसं वाटलं.

भारतातल्या वाचकांसाठी: इथला गव्हर्नर थेट लोकांच्या मतांनी निवडून येतो आणि राज्याचा कारभार तोच हाकतो. म्हणजे काम आपल्या मुख्यमंत्र्याचं. फरक एवढाच की विधिमंडळात त्याचं बहुमत असेलच असं नाही. तो विधेयक नाकारू शकतो, आणि तीन-पंचमांश मतं जमली तर विधिमंडळ त्याचा नकार मोडून काढू शकतं.

"कशाला खाईल" हा प्रश्न इथे इतका मनापासून का विचारला जातो, त्यालाही कारण आहे. इलिनॉयचे चार माजी गव्हर्नर तुरुंगात जाऊन आलेत: ओटो कर्नर, डॅन वॉकर, जॉर्ज रायन आणि रॉड ब्लागोयेविच. वॉकरचं प्रकरण पद सोडल्यानंतरच्या धंद्यातलं होतं, पण लोकांच्या डोक्यात चारही नावं एकाच ओळीत बसलीत. अशा राज्यात "मला कुणाच्या पैशाची गरज नाही" म्हणणारा माणूस आला की हायसं वाटणारच.

आधी रौनर. जीटीसीआर या शिकागोच्या प्रायव्हेट इक्विटी कंपनीच्या नावातला शेवटचा 'आर' म्हणजे तोच. कंपन्या विकत घ्यायच्या, त्यांची घडी बसवायची, नफ्यात विकायच्या, असा त्याचा धंदा. राज्यही तसंच सुधारू म्हणून तो जानेवारी २०१५ मध्ये आला. युनियनची ताकद कमी करायची, लोकप्रतिनिधींना मुदतमर्यादा घालायची, प्रॉपर्टी टॅक्स गोठवायचा, अशी त्याची यादी होती. अट अशी की आधी यातलं काही मान्य करा, मग बजेटचं बघू. समोर होता कनिष्ठ सभागृहाचा डेमोक्रॅट स्पीकर मायकल मॅडिगन, मधली दोन वर्षं सोडली तर १९८३ पासून त्याच खुर्चीत. तोही हटणारा नव्हता.

त्यानंतर १ जुलै २०१५ ते ६ जुलै २०१७ एवढा काळ राज्याला पूर्ण बजेटच नव्हतं. इथे राहणाऱ्यांनी ते दिवस पाहिलेत. लॉटरीचं तिकीट सरकार विकत होतं आणि मोठं बक्षीस लागलेल्याला "बजेट झालं की पैसे मिळतील" असं सांगत होतं. कॉलेजच्या गरीब मुलांना मिळणारं राज्याचं अनुदान अडकलं. शिकागो स्टेट युनिव्हर्सिटीने २०१६ मध्ये सुमारे ३०० लोकांना घरी पाठवलं. राज्याचं पतमानांकन 'जंक' म्हणजे कर्ज द्यायला धोक्याच्या मानल्या जाणाऱ्या दर्जाच्या जेमतेम एक पायरी वर येऊन थांबलं, आणि थकलेल्या बिलांचा ढीग पुढे १६.७ बिलियन डॉलरपर्यंत गेला. शेवटी काही रिपब्लिकन आमदारांनीच आपल्या गव्हर्नरची साथ सोडली, त्याचा नकार मोडला आणि आयकर ३.७५ वरून ४.९५ टक्के झाला.

यात रौनरने खाल्लं काय? काहीच नाही. एक डॉलरचाही आरोप नाही. माझं म्हणणं नेमकं इथे सुरू होतं. त्याच्या धंद्यात ताणून धरणं हे कसब असतं. ज्याच्या खिशात जास्त दिवस पुरेल इतकं आहे तो थांबतो, समोरचा थकतो, मग सही होते. राज्य चालवताना मात्र तो आणि मॅडिगन थांबले तरी दोघांच्याही घरची चूल पेटत होती. थकत होते ते तिसरेच लोक. २०१५ या वर्षात रौनरचं स्वतःचं उत्पन्न १८० मिलियन डॉलरच्या वर होतं, हे त्याच्याच टॅक्स रिटर्नमधून पुढे आलं. ते गैर नाही, कायदेशीर कमाई आहे. पण महिनाअखेरीला पगार होईल का, या प्रश्नाची झळ ज्याला लागतच नाही, तो किती ताणायचं हे कशावरून ठरवणार?

आता प्रिट्झकर. हयात हॉटेलवाले ते हेच घराणं. काका जे प्रिट्झकर यांनी १९५७ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळाजवळचं एक मोटेल विकत घेतलं, तिथून साखळी उभी राहिली. जे. बी. लहान असतानाच वडील वारले, तो सतरा वर्षांचा असताना आईही गेली. पुढे त्याने भावाबरोबर गुंतवणुकीचा धंदा केला आणि शिकागोत '१८७१' नावाचं स्टार्टअप केंद्र उभं करण्यात पुढाकार घेतला. १९९८ मध्ये काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी उभा राहिला, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीतच हरला. २०१८ ला गव्हर्नरपदासाठी त्याने स्वतःच्या खिशातून १७१.५ मिलियन डॉलर घातले. तोपर्यंतचा विक्रम कॅलिफोर्नियात २०१० मध्ये मेग व्हिटमनच्या १४४ मिलियनचा होता, आणि ती हरली होती. समोर रौनरनेही स्वतःचे ५० मिलियन ओतले होते. प्रिट्झकर जिंकला.

कारभार म्हणाल तर तुलनेत कितीतरी बरा. बजेट वेळेवर, बिलांचा ढीग उतरला, २०२१ मध्ये वीसहून अधिक वर्षांनी पहिल्यांदा मूडीज या पतमानांकन संस्थेने राज्याची पत वाढवली. विधिमंडळ त्याच्याच पक्षाचं आहे आणि कोविडनंतर केंद्राचा पैसा आला, हे दोन्ही विसरून चालणार नाही. तरी श्रेय द्यायला हवं, मी देतो.

पण माझा मुद्दा कारभाराचा नाही, दाराचा आहे. २०१८ ला डेमोक्रॅट प्राथमिक फेरीत प्रिट्झकरसमोर डॅनियल बिस हा गणिताचा माजी प्राध्यापक होता, राज्याचा सिनेटर. ख्रिस केनेडीही होता. दोघांचं म्हणणं लोकांपर्यंत पोचण्याआधीच प्रिट्झकरच्या जाहिरातींनी टीव्हीवरची जागा भरून टाकली होती. पैसेवाला विकला जात नाही, मान्य. पण तो उभा राहिला की बाकीच्यांना उभं राहायलाच जागा उरत नाही. त्यातून आपल्याला निवडायला मिळतं ते एका श्रीमंताला की दुसऱ्या श्रीमंताला, एवढंच. मला हे लोकशाहीला घातक वाटतं, गव्हर्नर कितीही चांगला असो.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः ज्यांच्या राज्यात असे गव्हर्नर होऊन गेलेत त्यांनी जरूर लिहा.


मृद्गंध

नेपरव्हिलकर, चांगला धागा. बजेटच्या त्या दोन वर्षांत मी वृद्धांच्या घरी जाऊन सेवा देणाऱ्या एका संस्थेत हिशेब बघत होते, म्हणून थोडं आतलं सांगते.

आमच्याकडे दोन प्रकारच्या आज्या-आजोबांची बिलं होती. ज्यांना मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना होती, त्यांचे पैसे कोर्टाच्या आदेशामुळे उशिरा का होईना येत होते. ज्यांचं उत्पन्न मेडिकेडच्या मर्यादेच्या जरा वर, त्यांची बिलं नुसती पडून. सेवा तीच, बाई तीच, काम तेच: अंघोळ घालणं, औषधं काढून ठेवणं, स्वयंपाक. पण एका घरचे तास भरले की पगाराचे पैसे यायचे, दुसऱ्या घरचे भरले की फक्त कागद तयार व्हायचा. बँकेकडून उचल घेऊन पगार केले. ती उचल संपल्यावर तास कापले. ज्या बायका हे काम करायच्या त्या तासावर पोट असलेल्या. त्यांना मी काय सांगणार, की गव्हर्नर आणि स्पीकर बोलत नाहीत म्हणून?

आमची संस्था तगली. लूथरन सोशल सर्व्हिसेससारख्या मोठ्या संस्थेला जानेवारी २०१६ मध्ये साडेसातशेच्या वर जागा कमी कराव्या लागल्या.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. कायद्याप्रमाणे राज्याने बिल ९० दिवसांत दिलं नाही तर पुढे महिन्याला एक टक्का व्याज द्यावं लागतं. म्हणजे वर्षाला बारा टक्के. मग गुंतवणूकदारांच्या कंपन्या पुढे आल्या. त्या आमच्यासारख्यांची अडकलेली बिलं विकत घ्यायच्या, नव्वद टक्के रक्कम लगेच द्यायच्या, आणि राज्याने पैसे दिले की व्याज त्यांचं. हे सगळं रीतसर, राज्याच्याच योजनेखाली. अडकलेल्याला रोकड मिळाली हे खरं, आम्हीही त्या वाटेने गेलो. पण बघा, सरकारच्या उशिरावर पुन्हा पैसेवाल्यांचाच धंदा झाला आणि व्याज भरलं करदात्यांनी. ते व्याज एक बिलियनच्या पुढे गेलं.

मात्र सगळं खापर रौनरवर फोडू नका. मॅडिगनही तितकाच हटवादी होता, आणि त्याला २०२५ मध्ये लाचखोरीच्या प्रकरणात साडेसात वर्षांची शिक्षा झाली. तो काही अब्जाधीश म्हणून राजकारणात आला नव्हता.


कोथरूडची_सई

वाचतेय, खूपच माहितीपूर्ण. एक प्रश्न. प्रिट्झकरने घरातली टॉयलेटं काढून टॅक्स वाचवला असं कुठेतरी वाचलं होतं. ते खरं आहे का? आणि गव्हर्नर झाल्यावर त्याच्या धंद्यांचं काय होतं?


नेपरव्हिलकर

सईताई, खरं आहे. शिकागोच्या गोल्ड कोस्ट भागात त्याचा वाडा आहे. शेजारचाही त्यानेच घेतला. त्या दुसऱ्या घरातली टॉयलेटं काढली आणि घर राहण्यायोग्य नाही असं दाखवलं. मग त्याची करपात्र किंमत सहा मिलियनच्या वरून एक मिलियनच्या आसपास आली. कुक काउंटीच्या (शिकागो याच काउंटीत येतं) इन्स्पेक्टर जनरलचा, म्हणजे सरकारी गैरव्यवहार तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा अहवाल ऐन निवडणुकीत, ऑक्टोबर २०१८ मध्ये फुटला. त्यात याला फसवणुकीची योजना म्हटलं होतं. प्रिट्झकरने गैर काही केलं नाही म्हणत सुमारे ३ लाख ३० हजार डॉलर परत भरले. गुन्हा दाखल झाला नाही.

मी या प्रकरणाला लोक देतात त्यापेक्षा जास्त महत्त्व देतो. इलिनॉयचा प्रॉपर्टी टॅक्स देशात सगळ्यात जड टॅक्सांपैकी एक. आमच्या गल्लीत निवृत्त जोडपी केवळ त्या बिलापायी घर विकून इंडियाना नाहीतर टेनेसीला जातात. त्याच बिलातून सुटायला वकील आणि प्लंबर लावणारा माणूस त्यांचा गव्हर्नर झाला. पैशाची गरज नसलेला माणूस पैसे वाचवत नाही, हा समज यातून पार खोटा ठरतो.

धंद्यांबद्दल: पद घेताना त्याने आपली गुंतवणूक ट्रस्टकडे सोपवली, व्यवहार आपण बघणार नाही असं जाहीर केलं. त्याच वेळी आपल्या काही वरिष्ठ सहायकांना सरकारी पगाराच्या जोडीने स्वतःच्या खिशातून तेवढीच भर देणार असंही सांगितलं. चांगली माणसं मिळावीत हा हेतू असेलही. पण सरकारी खुर्चीतल्या माणसाचा अर्धा पगार एका खासगी माणसाच्या कंपनीतून येणार असेल तर उद्या त्या माणसाच्या विरोधात टिपण लिहायची वेळ आली तर तो लिहील का? मला हे पटलेलं नाही.


दक्षिण_काशी

नेपरव्हिलकर साहेब, तुमची कळकळ पोचली, पण दुसरी बाजू मांडतो.

उमेदवाराने पैसा आणायचा कुठून? एक, स्वतःचा. दोन, दुसऱ्याचा. दुसऱ्याचा आणला की परतफेड आली: कंत्राट, जमिनीचं आरक्षण, बदल्या. आमच्या भागात आम्ही हे पिढ्यान्‌पिढ्या बघतोय. कारखाना, दूध संघ, बँक, शिक्षणसंस्था हातात असल्याशिवाय आमदारकीला उभं राहायची हिंमत कुणी करत नाही. खर्चाला कायद्याने मर्यादा आहे, विधानसभेला ४० लाख, पण ती कागदावर किती पाळली जाते हे लहान पोरालाही ठाऊक. त्यापेक्षा स्वतःचा पैसा, उघड, पैन्‌पैचा हिशेब जाहीर, हे मला तरी स्वच्छ वाटतं. तिथे मर्यादाच नाही का काही?


नेपरव्हिलकर

दक्षिण_काशी, मर्यादा दुसऱ्याने दिलेल्या देणगीवर असू शकते, स्वतःच्या पैशावर नाही. १९७६ मध्ये 'बकली विरुद्ध व्हॅलेओ' खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्वतःच्या प्रचारावर स्वतःचा पैसा खर्च करणं हा भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे, त्यावर बंधन घालता येणार नाही. आजही कायदा तोच.

इलिनॉयने त्यावर एक तोड काढली. राज्यपातळीवरच्या निवडणुकीत एखाद्या उमेदवाराने स्वतःचे अडीच लाख डॉलरपेक्षा जास्त घातले की त्या लढतीतल्या सगळ्याच उमेदवारांवरची देणगीची मर्यादा उठते. हेतू चांगला: श्रीमंतासमोर बाकीच्यांनाही हात मोकळे मिळावेत. झालं उलटं. मर्यादा उठल्यावर साध्या उमेदवाराला मोठा चेक देणार कोण? दुसरा अब्जाधीशच. २०१८ ला रौनरला केन ग्रिफिनने २० मिलियन डॉलर दिले. ग्रिफिन म्हणजे सिटाडेल या हेज फंडाचा, म्हणजे बड्यांचा पैसा गुंतवणाऱ्या कंपनीचा मालक, तेव्हा इलिनॉयमधला सगळ्यात श्रीमंत माणूस.

म्हणून तुमचे ते "एक" आणि "दोन" इथे वेगळे राहतच नाहीत. एकाने स्वतःचा पैसा आणला की दुसऱ्याला दुसऱ्याचा आणावाच लागतो, आणि तोही मोठ्या घरचा.


फार्गोवासी

नॉर्थ डकोटाबद्दल लिहितो. इथे सॉफ्टवेअरच्या निमित्ताने आलेली मराठी घरं आहेत, आणि त्या कामाचं मूळच आमचा माजी गव्हर्नर डग बर्गम. फार्गोतलं मायक्रोसॉफ्टचं मोठं ऑफिस म्हणजे मुळात त्याची ग्रेट प्लेन्स सॉफ्टवेअर. वारशाने आलेली शेतजमीन गहाण टाकून अडीच लाख डॉलर उभे केले, १९८३ मध्ये कंपनीत शिरला, २००१ मध्ये ती मायक्रोसॉफ्टला १.१ बिलियनला विकली. नंतर फार्गोच्या जुन्या बाजारपेठेतल्या पडक्या इमारती घेऊन नीट केल्या. आज उणे वीस तापमानातही तिथे संध्याकाळी माणसं दिसतात, ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळे.

२०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाने त्याला नाकारलं, राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल स्टेनजेम यांना पसंती दिली. बर्गमने स्वतःच्या पैशावर प्राथमिक फेरीत जाऊन त्यांना हरवलं. मला तेव्हा ते आवडलं होतं. पक्षातल्या चार जुन्या लोकांनी ठरवायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, हे मोडायला पैसा उपयोगी पडला. नेपरव्हिलकरांच्या दाराच्या मुद्द्याला हे माझं उत्तर: काही दारं पैशानेच उघडतात.

पण २०२० ला जे झालं ते मात्र खटकलं. विधिमंडळाच्या अर्थसमितीचे अध्यक्ष जेफ डेल्झर बर्गमला खर्चाच्या बाबतीत अडवायचे. बर्गमने एका राजकीय समितीला स्वतःचे मोठे पैसे दिले आणि तिने डेल्झर यांच्या विरोधात त्यांच्याच मतदारसंघात पत्रकांचा मारा केला. डेल्झर प्राथमिक फेरीत पडले. जिंकलेला उमेदवार डेव्हिड अँडल निवडणुकीच्या तोंडावर, ऑक्टोबरमध्ये कोविडने गेला. मतपत्रिकेवर नाव राहिलं होतं, लोकांनी त्यालाच निवडून दिलं. रिकाम्या जागेवर माणूस नेमायचा अधिकार आपला आहे म्हणून बर्गम कोर्टात गेला, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं, आणि पक्षाच्या स्थानिक समितीने नेमलं कुणाला? डेल्झर यांनाच.

आपल्याच खर्चावर नजर ठेवणाऱ्या आमदाराला गव्हर्नरने स्वतःच्या पैशाने घरी बसवायचं, हे मला पचलं नाही. धंद्यात डोकं खाणारा संचालक बदलता येतो. इथे तो लोकांनी निवडलेला असतो.


घाटमाथा

वेस्ट व्हर्जिनियाचा जिम जस्टिस राहिला की! कोळशाच्या खाणी आणि ग्रीनब्रायर हे जुनं आलिशान रिसॉर्ट त्याचं. २०१६ ला डेमोक्रॅट म्हणून निवडून आला, वर्ष व्हायच्या आत ट्रम्पच्या सभेत जाऊन रिपब्लिकन झाला. "त्याच्याकडे आधीच आहे" म्हणणाऱ्यांनी त्याच्या कंपन्यांची थकबाकी बघावी. खाणींच्या सुरक्षिततेचे दंड थकले, कर थकले, घेणेकरी कोर्टात गेले, आणि हे सगळं तो गव्हर्नर असताना चालू. २०२४ मध्ये ग्रीनब्रायरच लिलावाच्या दारात जाऊन परत आलं. धंदा मुलांकडे दिला एवढंच. राज्यघटना म्हणते गव्हर्नरने राजधानी चार्ल्सटनमध्ये राहावं, हा राहायचा लुईसबर्गच्या घरी. त्यावरही खटला झाला, २०२१ मध्ये तडजोड झाली. आता सिनेटर आहे.

श्रीमंत म्हणजे खिशात रोकड, असं आपण धरून चालतो. कित्येकदा श्रीमंत म्हणजे डोक्यावर भलं मोठं कर्ज असलेला माणूस. त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त पैशाची गरज असते.


डेट्रॉइटची_उमा

घाटमाथा, शेवटच्या परिच्छेदाला +१.

मिशिगनचा विषय निघायलाच हवा, कारण त्यात आपलाही माणूस आहे. २०११ ते २०१९ आमचा गव्हर्नर रिक स्नायडर. गेटवे कॉम्प्युटर्समध्ये वरच्या पदावर होता, मग गुंतवणूकदार. तोही वर्षाला एक डॉलर पगारावर. डबघाईला आलेल्या शहरांवर त्याने इमर्जन्सी मॅनेजर नेमले: लोकांनी निवडलेले महापौर आणि नगरसेवक बाजूला, एक माणूस सगळे निर्णय घेणार. लोकांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदान करून तो कायदा रद्द केला. डिसेंबरमध्ये नवा, जवळजवळ तसाच कायदा आला.

फ्लिंटचं पाणी याच व्यवस्थेखाली बदललं. खर्च वाचवायचा म्हणून एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटचं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं सुरू केलं. पाइप गंजू नयेत म्हणून जे रसायन घालायचं ते घातलंच नाही. जुन्या पाइपातलं शिसं पाण्यात उतरलं. बायका तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभेत उभ्या राहिल्या, त्यांना पाणी ठीक आहे असं सांगत राहिले. ऑक्टोबर २०१५ मध्ये परत डेट्रॉइटचं पाणी आलं, तोवर मुलांच्या रक्तात शिसं गेलं होतं. मला राग येतो तो इथे. त्या बायकांचं मत ज्याला गमवायची भीती होती असा नगरसेवक अधिकारावर असता तर त्याने पहिल्या महिन्यात धावपळ केली असती. मॅनेजरला ताळेबंद दाखवायचा होता, तोही गव्हर्नरला.

स्नायडरची मुदत संपत होती तेव्हा, २०१८ मध्ये, आपले बेळगावचे श्री ठाणेदार गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट प्राथमिक फेरीत उतरले. गरिबीतून वर आलेले, रसायनशास्त्रात पीएचडी, इथे प्रयोगशाळांचा धंदा उभा केलेला, एक कंपनी बुडाल्यावर दुसरी उभी केलेली माणसं आपल्यात किती? इथल्या मराठी मंडळींना अभिमान होता, मलाही होता. स्वतःचे दहा मिलियनच्या आसपास डॉलर त्यांनी घातले, टीव्हीवर सारखे दिसत होते. ग्रेचेन व्हिटमर जिंकली, ते तिसरे आले. त्यांनी नाद सोडला नाही. २०२० मध्ये राज्याच्या विधिमंडळात गेले, २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेसमध्ये, तेही बरेचसे स्वतःच्या पैशावर.

मला त्यांच्याबद्दल आदर आहे. तरी डेट्रॉइटमध्ये राहणारी म्हणून सांगते: या मतदारसंघातल्या कृष्णवर्णीय लोकांना मी दुखावलेलं पाहिलंय. आमचं शहर बहुसंख्य कृष्णवर्णीय, आणि काँग्रेसमध्ये आमच्यातलं कुणी नाही, असं ते म्हणतात. त्यांच्यातले बरेच उमेदवार एकमेकांत मतं विभागून बसले हाही दोष आहे. पण त्यातल्या कुणाकडेच ठाणेदारांइतका पैसा नव्हता. आपला माणूस जिंकला म्हणून दाराचा मुद्दा आपल्यासाठी बदलतो का?


मृद्गंध

उमाताई, फ्लिंटचं वाचून मला आमच्या त्या कापलेल्या तासांचीच आठवण झाली. निर्णय घेणारा आणि भोगणारा यांच्यात इतकं अंतर.

नेपरव्हिलकर, तुम्ही २०२० च्या कराच्या मतदानाबद्दल लिहिलं नाहीत. माझ्या मते प्रिट्झकरच्या बाजूने बोलायला ते सगळ्यात मोठं आहे. स्वतःवर कर वाढवून घ्यायला त्याने स्वतःचा पैसा खर्च केला, असं किती श्रीमंत करतात?


नेपरव्हिलकर

बरोबर, ते यायलाच हवं होतं. इलिनॉयच्या १९७० च्या राज्यघटनेत आयकराचा दर सगळ्यांना एकच असावा असं लिहिलंय. घरकाम करणाऱ्या बाईलाही ४.९५ टक्के, प्रिट्झकरलाही ४.९५. ते बदलून वरच्या उत्पन्नाला जास्त दर, अगदी वर ७.९९ टक्के, असा त्याचा प्रस्ताव होता. त्यासाठी त्याने ५० मिलियनच्या वर स्वतःचे घातले. विरोधात ग्रिफिनने जवळपास तितकेच. नोव्हेंबर २०२० मध्ये सुमारे ५३ टक्के लोकांनी नको म्हटलं.

मी बाजूने मत दिलं होतं, आजही देईन. पण तो प्रचार आठवा. दोन अब्जाधीशांच्या जाहिराती एकामागून एक. ज्या शाळांना, ज्या संस्थांना त्या पैशाची गरज होती त्यांचा आवाज कुठे होता? माझ्या शेजाऱ्याने विरोधात मत दिलं ते "प्रिट्झकरला पाहिजे म्हणजे त्याचा काहीतरी फायदा असणार" म्हणून. त्याला ती टॉयलेटं आठवत होती. प्रस्ताव चांगला होता, पण तो मांडणाऱ्यावर लोकांचा विश्वास नव्हता, आणि विश्वास काही जाहिरातीने मिळत नाही.


फार्गोवासी

आणि ग्रिफिनचं पुढे काय झालं?


नेपरव्हिलकर

२०२२ मध्ये त्याने ऑरोराचा महापौर रिचर्ड अर्विन याला गव्हर्नर करायला ५० मिलियन दिले. अर्विन रिपब्लिकन प्राथमिक फेरीत तिसरा आला. डॅरेन बेली हा शेतकरी सिनेटर जिंकला, त्याला प्रिट्झकरने नोव्हेंबरमध्ये हरवलं. ग्रिफिनने त्याच जूनमध्ये सिटाडेल मायामीला हलवत असल्याचं जाहीर करून टाकलं. फार्गोवासी, तुमचं "काही दारं पैशानेच उघडतात" मला पूर्ण अमान्य नाही, पण अर्विनला ५० मिलियन कमी पडले आणि बेली जिंकला तेव्हा प्रिट्झकरच्या बाजूचा पैसाही त्या प्राथमिक फेरीत वाहत होता. डेमोक्रॅटिक गव्हर्नर्स असोसिएशनने बेली हा फारच कट्टर आहे अशा जाहिराती केल्या, ज्या ऐकून रिपब्लिकन मतदार त्याच्याकडेच वळावेत. या असोसिएशनला प्रिट्झकर मोठी देणगी देत आलाय. म्हणजे समोर कोण उभं राहणार यातही त्याच्या पैशाचा हात पोचला.


मृद्गंध

हे मला पटत नाहीच. तरी मी नोव्हेंबरमध्ये प्रिट्झकरलाच मत देणार आहे, कारण माझ्या जुन्या संस्थेची बिलं आता वेळेवर निघतात. ज्या बायकांचे तास मी कापले होते त्यांतल्या दोघी अजून तिथेच काम करतात, आणि त्यांचा दर वाढलाय. माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.


नेपरव्हिलकर

मृद्गंध, तुमचं मत मी बदलू पाहत नाही, कदाचित माझंही तिकडेच जाईल. मला एवढंच हवंय की बजेट वेळेवर करणाऱ्या शाळामास्तराला किंवा तुमच्यासारख्या हिशेब बघणाऱ्या बाईलाही त्या खुर्चीसाठी उभं राहता यावं. इथे गव्हर्नरला मुदतमर्यादा नाही. प्रिट्झकरला पाहिजे तितक्या वेळा उभं राहता येईल, आणि दर वेळी तो स्वतःचा खर्च स्वतः करू शकेल. रौनरच्या त्या अडून बसलेल्या यादीत मुदतमर्यादेची मागणी होती. दोन वर्षं राज्य अडवून धरून त्याने ती मागितली, म्हणून ती मिळाली नाही. मला ती आजही योग्य वाटते. कुणाला आपल्या आमदाराला पत्र लिहायचं असेल तर मसुदा आपण इथेच मिळून करू.